बोटं पेडल मारत नाहीत

वाचकाचं पत्र:

"मी ४३ वर्षांची आहे. बरीच वर्षं नियमित सायकल चालवते. यंदा हट्टाला पेटून एकाच मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, पूर्ण केल्या. आठवड्याचा सराव वेगळाच. शेवटची राइड होऊन आता अडीच महिने झाले. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू जिना उतरताना चमकते. दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या दिवसभर जड, शिसं भरल्यासारख्या. आणि गेला महिना-दीड महिना सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडलेली असतात, टाचांनाही पहिली पावलं टाकताना कळ येते. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. 'सायकल जास्त झाली, विश्रांती घ्या,' म्हणाले. घेतली. सायकलला हातही लावला नाही, तरी दुखणं जात नाही. घरचे म्हणतात वय झालं. ग्रुपमधले म्हणतात बाइक फिट करून घे, म्हणजे खोगीर-हँडल अंगाच्या मापाला जुळवून घे, आणि मॅग्नेशियम सुरू कर. मला नक्की झालंय तरी काय? आणि पुढच्या मोसमातल्या २०० साठी नाव नोंदवू की नको?"

— एक दमलेली रँडोनियर

सप्रेम नमस्कार,

एसआर, म्हणजे 'सुपर रँडोनियर', एकाच मोसमातल्या या चारही ब्रेव्हे, पूर्ण केल्याबद्दल आधी अभिनंदन. नुसत्या चार ब्रेव्हेंचेच दीड हजार किलोमीटर होतात, तेही वेळेच्या मर्यादेत. साधी गोष्ट नाही.

आता दुखण्याकडे. तुम्ही गुडघा, पाय, बोटं, टाचा हे सगळं एका दमात लिहिलंय. डॉक्टरांनाही बहुधा एका दमातच सांगितलं असणार, आणि घोळ तिथेच झाला असावा. तुमच्या पत्रात मला एक नाही, तीन दुखणी दिसतात. ती एकाच मोसमानंतर आली म्हणून एकाच कारणानं आली असं होत नाही. गुडघा वेगळा, जड पाय वेगळे, आणि बोटं-टाचा त्याहून वेगळ्या. पहिली दोन सायकलच्या नावावर मांडता येतील. तिसरं मांडू नका. बोटं पेडल मारत नाहीत.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे खाली लिहितेय ते निदान नव्हे. पण काय आधी तपासून घ्यायचं आणि काय थांबू शकतं, एवढं पत्रावरूनही सांगता येतं.

बोटांपासून सुरू करते, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. हँडलवर तासन्‌तास रेलून बसलं की हाताला त्रास होतोच, पण तो ओळखू येतो. तळव्याच्या कडेची नस दबली तर करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं, मुंग्या येतात, चिमटीतली ताकद कमी होते. मनगटातली मधली नस दबली तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री झोपेतून उठवतात, हात झटकला की बरं वाटतं. दोन्हींत मुख्य तक्रार बधिरपणाची असते, आणि हँडल सोडलं की ती बहुतेकदा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ओसरते. तुमचं उलटं चाललंय. सायकल बंद होऊन महिना उलटल्यावर बोटं आखडायला लागली, आणि तुमचा शब्द "बधिर" नाही, "आखडलेली" आहे. सायकल हे कारण असतं, तर विश्रांतीच्या काळात हे दुखणं नव्यानं सुरू झालं नसतं.

म्हणून उद्यापासून एक काम करा. जाग आल्यावर घड्याळ बघा. मग बोटं पूर्ण मिटून घट्ट मूठ केव्हा वळते ते बघा, आणि मधली मिनिटं लिहून ठेवा. पाच-दहा मिनिटांत हात मोकळे होत असतील तर चिंता कमी. अर्धा तास, तास, त्याहून जास्त लागत असेल, आणि दिवसभर हातपाय हलवल्यावर बरं वाटून बसून राहिलं की पुन्हा आखडत असेल, तर सांध्याच्या आत सूज आहे असा संशय घ्यायला हवा. झिजेचं किंवा ताणाचं दुखणं साधारण उलटं वागतं: वापराल तसं वाढतं, विसावा दिला की कमी होतं.

दुसरी गोष्ट उजेडात बसून करायची. दोन्ही मुठी वळून शेजारी शेजारी धरा आणि वरून बघा. बोटांच्या मुळाशी हाडांचे उंचवटे दिसतात आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये एक छोटी घळ असते. एखादी घळ भरून आल्यासारखी वाटतेय का? एका हाताची दुसऱ्या हाताशी तुलना करा. मग घरातल्या कुणाला तरी बोटांच्या मुळांची ती आडवी रांग दोन्ही कडांनी धरून हलकेच दाबायला सांगा, हस्तांदोलन करताना दाबतात तशी. पायाच्या बोटांच्या मुळांशीही तसंच. नुसत्या तेवढ्यानं कळ आली तर ती नोंद महत्त्वाची आहे. अंगठी सकाळी अडकते आणि दुपारी फिरते, असं होत असेल तर तेही लिहा.

टाचांचं एक सांगते, म्हणजे उगाच घाबरणार नाही. सकाळच्या पहिल्या पावलांना टाच दुखणं चाळिशीनंतर खूप जणांना असतं. तळव्याच्या पट्ट्याचं ते दुखणं टाचेखाली, आतल्या बाजूला बोट ठेवून दाखवता येतं आणि चार पावलं चालल्यावर सुटतं. नुसतं तेवढंच असतं तर मी त्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या. पण दोन्ही टाचा, त्यातही मागे स्नायूबंध हाडाला चिकटतो तिथे दुखणं, आणि जोडीला आखडलेली बोटं असं गणित असेल तर संधिवाताच्या एका अख्ख्या कुटुंबाकडे बघावं लागतं. त्यासाठी काही प्रश्न, जे सायकलबद्दल कुणी विचारत नाही. डोक्यात किंवा कोपरावर खवल्यांचे चट्टे आहेत का, तुम्हाला किंवा घरात कुणाला सोरायसिस? नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे? कधी डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन झाला नाही? पहाटे कंबर दुखून जाग येते आणि उठून फिरल्यावर बरं वाटतं? दुखणं सुरू होण्याआधीच्या काही आठवड्यांत जुलाबाचा किंवा लघवीच्या संसर्गाचा त्रास? अंगावर पुरळ येऊन गेलेला ताप? चिकुनगुनियासारखे काही विषाणू जातात, पण सांध्यांत महिनोन्‌महिने दुखणं ठेवून जातात.

आणि औषधं. हा प्रश्न तर हमखास राहून जातो. या काळात एखादं प्रतिजैविक घेतलं होतं का? सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटाची औषधं स्नायूबंधांना, विशेषतः टाचेमागच्या स्नायूबंधाला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली त्यांच्या वेष्टनावर याबाबतचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून कुणाला त्याचा संबंध सुचत नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू असेल तर मांड्या-पोटऱ्यांच्या जडपणासाठी तेही यादीत घ्या. फक्त स्वतःच्या मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्यांशी बोला.

"रक्त नॉर्मल आलं" यावर दोन शब्द. नेहमीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी, साखर, मूत्रपिंड, यकृत एवढं असतं. सुजेचे मापक म्हणजे ईएसआर आणि सीआरपी केले होते का ते रिपोर्टमध्ये बघा. ते नॉर्मल असूनही संधिवात असू शकतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठीची आरए फॅक्टर ही तपासणी सुरुवातीला बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह येतो आणि काही ठणठणीत माणसांत पॉझिटिव्ह, त्यामुळे त्या एकट्या कागदावर निकाल लागत नाही. अँटी-सीसीपी ही त्याहून नेमकी तपासणी. एक्स-रेमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत काही दिसत नाही, आणि तुमचा तर गुडघ्याचा काढलाय, हाताचा नाही. हल्ली संधिवाततज्ज्ञ बोटांची सोनोग्राफी करतात, तीत सांध्याच्या अस्तराची सूज लवकर दिसते.

सांगायचं एवढंच की सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या वर असेल किंवा घळ भरलेली दिसली, तर संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या, आणि ती या आठवड्यात मागा. सांध्याला सूज असलेल्या रुग्णाला तज्ज्ञानं सहा आठवड्यांच्या आत पाहावं आणि गरज असेल तर मूळ आजारावरचं औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावं, अशी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेची शिफारस आहे. लवकर सुरू केलेल्या औषधानं सांधे वाचतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात बायकांत पुरुषांच्या दोन ते तीनपट आढळतो आणि तुमच्या वयात सुरू होणं अजिबात नवलाचं नाही. "वय झालं" या घरच्यांच्या निदानाला मात्र काही आधार नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी वयामुळे बोटं आखडत नसतात.

कदाचित हे सगळं तपासून काहीच निघणार नाही. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत अनेक बायकांना सांधे आखडल्याचा त्रास होतो, थायरॉइड मंद झाला तरी होतो. तसं निघालं तर उत्तम, त्यावरही करण्यासारखं पुष्कळ असतं. पण त्या निष्कर्षाला सगळ्यात शेवटी पोचायचं, सगळ्यात आधी नाही.

आता जड पाय.

६०० च्या ब्रेव्हेला ४० तासांची मर्यादा असते. त्यातले समजा २८ तास तुम्ही खोगिरावर होता आणि मिनिटाला सरासरी ७५ फेरे पडले, तर प्रत्येक पायानं सव्वा लाखाच्या वर वेळा पेडल दाबलं. त्याला ऊर्जा लागते दहा हजार किलोकॅलरींच्या वर, आणि तेवढं त्या वेळात पोटात जात नाही, कुणाच्याच नाही. बाकीचं शरीर आपल्या गंगाजळीतून काढतं. एका राइडची उधारी आठवड्याभरात फिटते. पण २००, मग सराव, मग ३००, मग सराव, असं महिनोन्‌महिने चाललं आणि मधल्या दिवसांत खाणं रोजच्याइतकंच राहिलं, किंवा चढ सोपे जावेत म्हणून मुद्दाम कमी केलं, तर शरीर खर्चाला कात्री लावायला लागतं. आधी दुरुस्ती थांबते, मग पाळी बिघडते, हाडांची भरती मंदावते, झोप उडते, चिडचिड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेवर निवेदन काढलं, तेव्हापासून तिला 'रेड-एस' म्हणतात. ती फक्त ऑलिंपिकवाल्यांना होते असं नाही. उलट हौशी मंडळींना जास्त धोका आहे असं माझं मत आहे, कारण त्यांच्यामागे नोकरी असते, घर असतं, आणि ताटात काय पडतंय हे बघायला प्रशिक्षक नसतो.

तुम्ही पाळीबद्दल काही लिहिलेलं नाही. वजनाबद्दलही नाही. म्हणून स्पष्ट विचारते: या वर्षात पाळी चुकली का, पुढे गेली का, अगदी कमी झाली का? चाळिशीतल्या बाईची पाळी अनियमित झाली की "आता तेच वय" म्हणून सगळे मोकळे होतात. असेलही. पण मोसमाच्या ऐन भरात चुकली असेल तर ती ऊर्जेच्या तुटवड्याचीही खूण असू शकते. सलग तीन महिने आली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी का ते विचारा. सायकलवर शरीराचं वजन खोगीर पेलतं, हाडांना दणका बसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची, विशेषतः कण्याची हाडं बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा विरळ निघतात. पायात एखाद्या ठिकाणी अगदी बोट ठेवता येईल असं हाडाचं दुखणं असेल, ते रात्रीही ठणकत असेल, तर मला लगेच कळायला हवं, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना कळायला हवं. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही.

जडपणासाठी रक्ताच्या ज्या तपासण्या मागायच्या त्या अशा: फेरिटिन, ड जीवनसत्त्व, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि स्नायूंसाठी सीके. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि तो फक्त फेरिटिनमध्ये दिसतो. उलट शरीरात सूज असेल तर फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून सीआरपी त्याच दिवशी हवा. ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठताना जड जातंय का, ते करून बघा. सीके हा स्नायूंच्या इजेचा मापक जोरदार व्यायामानंतर कित्येक दिवस वर राहतो. तुमची विश्रांती चालू आहे तेवढ्यात केला तर त्याचा अर्थ लावता येईल. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगून तपासणीआधी काही दिवस थांबवा, थायरॉइडचे आकडे त्यामुळे फसवे येतात. ही बारीक गोष्ट आहे, पण तिच्यापायी लोकांना भलतीच औषधं सुरू झालेली आहेत.

मॅग्नेशियम: कमतरता सिद्ध झाली असेल तर घ्या. नाहीतर गोळ्यांनी पायांचा जडपणा जात नाही, पेटक्यांसाठीसुद्धा पुरावा कच्चाच आहे, पोट मात्र बिघडतं. ड जीवनसत्त्वाचे मोठे डोसही तपासल्याशिवाय घेऊ नका, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

सगळे आकडे ठीक आले तर जे उरतं त्याला अतिसराव म्हणतात, आणि त्याची कुठलीही एक तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाद झाल्यावरच त्या नावावर यायचं. त्यातून सावरायला आठवडे लागतात, कधी महिने. या काळात विश्रांती म्हणजे झोप आणि भरपूर खाणं. सायकल बंद केली म्हणून घाबरून जेवण अर्धं केलं असेल, आणि असं करणारी मंडळी खूप आहेत, तर तुमची विश्रांती अजून सुरूच झालेली नाही.

गुडघ्याबद्दल मी सगळ्यात कमी काळजीत आहे. मांडीच्या बाहेरून कंबरेपासून गुडघ्याखालपर्यंत एक जाड पट्टा जातो, आयटी बँड. गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो तेव्हा तो बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात गुडघा त्या कोनातून जातो, आणि जिना उतरतानाही. सांध्याच्या फटीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, बाहेरच्या हाडावर बोटानं दाबल्यावर नेमकी तीच कळ आली तर बहुधा हेच. गुडघा मध्येच अडकत असेल, सुजत असेल, अचानक सुटल्यासारखा वाटत असेल तर आतली गादी फाटली आहे का बघायला हवं, त्याला एमआरआय लागेल.

मग अडीच महिन्यांच्या विश्रांतीनं हे बरं का झालं नाही? कारण नुसत्या विश्रांतीनं चिडलेली जागा शांत होते, पण पायाची भार पेलायची ताकदही तेवढीच उतरते. मग साधा जिनाही जास्त वाटायला लागतो. इथे हळूहळू वाढवत नेलेला भार हेच औषध. एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून जरा मागच्या बाजूनं उचलणं, एका पायावर कंबर उचलून धरणं, आणि बुटक्या पायरीवरून दुसरा पाय अगदी सावकाश खाली टेकवणं. शेवटचा व्यायाम आरशासमोर करा आणि गुडघा आत कोसळतोय का ते बघा. बहुतेकांचा कोसळतो. कंबरेच्या बाजूचे स्नायू कमी पडतात, त्याची किंमत गुडघा देतो. दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर चालू ठेवा, नाही आलं तर निम्मं करा. रोलरवर मांडी लाटून तो पट्टा लांबत नाही, तो फार चिवट असतो. तात्पुरतं बरं वाटतं म्हणून करायचं तर करा, फक्त दुखऱ्या हाडावर दाबू नका.

बाइक फिटबद्दल तुमचे मित्र चुकीचं सांगत नाहीत. पण गुडघ्यापुरतंच बरोबर सांगतायत. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. खोगीर फार उंच असेल तर कुणीतरी मागून पाहिल्यावर तुमची कंबर डावी-उजवी डोलताना दिसेल, आणि बाहेरच्या बाजूचं दुखणं त्यातून येतं. खोगीर फार खाली असेल तर दुखणं वाटीच्या पुढे येतं. मोसमात सीटपोस्ट, म्हणजे खोगिराखालचा दांडा, घसरला होता का, क्लीट, म्हणजे बुटाखालचे पेडलमध्ये अडकणारे तुकडे, झिजल्यावर बदलताना जरा वाकडे बसले का, नवीन बूट घेतले का, हे आठवून बघा. जे बदलाल ते एका वेळी एकच, तीन-पाच मिलिमीटरनं, आणि आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण करून. खोगीर, क्लीट, हँडल सगळं एकाच दिवशी हलवलं तर कशानं बरं वाटलं हे कधीच कळत नाही.

एक दुर्मीळ गोष्ट, तुमची वाटत नाही तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. काही सायकलपटूंच्या जांघेतली रोहिणी वर्षानुवर्षं वाकून आणि दाबून आतून जाड होते. मग चढावर पूर्ण जोर लावला की एकाच पायाची मांडी किंवा पोटरी भरून येते, ताकद जाते, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं ठीक. तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्यावर नाडी व्यवस्थित लागते, म्हणून हे निसटतं. जोरदार व्यायाम करून लगेच घोट्याशी रक्तदाब मोजला तर सापडतं. फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्होवर याच कारणासाठी २०१९ साली शस्त्रक्रिया झाली. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं माउंटन बाइकिंगचं सुवर्ण जिंकलं आणि २०२५ साली महिलांची टूर दी फ्रान्सही. तुमचे दोन्ही पाय जड आहेत आणि ते बसल्या जागीही जड आहेत, त्यामुळे तुमच्यासाठी हा रस्ता मी मागे ठेवीन.

मात्र पुढच्यांपैकी काही झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं: एकच पोटरी सुजून गरम झाली, आणि जोडीला छातीत दुखलं किंवा धाप लागली तर नक्कीच; लघवी काळ्या चहासारखी झाली; तापासोबत एखादा सांधा लालबुंद झाला; जांघेचा भाग बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटला.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या, एकच. त्यावर तीन दुखणी तीन ओळींत लिहा: कुठे, केव्हा सुरू झालं, दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त, कशानं कमी. खाली औषधं, पाळीची माहिती, घरातले आजार. सायकलचे किलोमीटर शेवटी लिहा. सुरुवातीला लिहिलेत तर पुढचं कुणी ऐकणार नाही, "बापरे, ६०० किलोमीटर!" मध्येच गाडी अडकेल. बोटं सुजलेल्या सकाळी फोटो काढून ठेवा, कारण दुपारच्या भेटीच्या वेळी ती हमखास नॉर्मल दिसतात. आणि भेटीआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. बरं वाटेल, आणि तपासायला काही उरणार नाही.

राहिला २०० चा प्रश्न. बोटांचा निकाल लागेपर्यंत नाव नोंदवू नका. तोपर्यंत सायकल पूर्ण बंदच हवी असंही नाही. डॉक्टरांनी बोटं बघून मनाई केली नाही, तर सपाट रस्त्यावर हलक्या गिअरवर, मिनिटाला ८०-९० फेऱ्यांनी अर्धा तास, एक दिवस आड, इथून सुरू करा. अंतर वाढवायचं की नाही हे राइडमध्ये ठरवू नका, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटत असतं. दुसऱ्या दिवशीचा जिना ठरवेल. दोन आठवडे गुडघा आणि पाय तक्रार न करता गेले तर आधी वेळ वाढवा, चढ नंतर. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत पूर्वीसारखी होतात, स्नायूबंधांना महिने लागतात, आणि दम आहे म्हणून पाय तयार आहेत असं समजणारे पुन्हा दुखापत घेऊन येतात. निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय लागली असेल तर सोडा. लांब राइडमध्ये शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात, शिवाय गुडघा काय सांगतोय ते ऐकू येत नाही.

सलग दोन-तीन महिने हे जमलं आणि संधिवाततज्ज्ञांकडून हिरवा कंदील मिळाला, तर २०० ची कुठलीही तारीख धरा. ६०० चा विचार त्यानंतर. तो करायच्या आधी पुन्हा एकदा लिहा, आणि तेव्हा फेरिटिन किती आलं, पाळीचं काय झालं हेही कळवा.